रजेचा डाव

२ मार्च

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. बोटीत पोटातलं सगळं समुद्राच्या स्वाधीन केलं, त्यामुळे अगदी हलकी होऊन बेटावर उतरले. दादाला सांग, खोली छान आहे. खिडकीतून समुद्र दिसतो, आणि समुद्राचा कंटाळा आला तर शेजारच्या न्हाणीघराचा पत्रा दिसतो. सकाळ-संध्याकाळ फुगा सोडायचा, वारा मोजायचा, ढग लिहून ठेवायचे. शाळेत खिडकीबाहेर बघते म्हणून छड्या खाल्ल्या, आता तेच माझं काम आहे.

या हवामान केंद्रात आम्ही पाच माणसं. प्रमुख आहेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या कमी बोलतात, पण बोलल्या की वायुभार खाली येतो. आचारी आहे, तो बटाट्याचं काहीही करू शकतो आणि बटाट्याशिवाय काहीच करू शकत नाही. वायरलेसवाला दिवसभर कानाला यंत्र लावून लांबच्या माणसांचं ऐकतो, जवळच्यांचं ऐकायला त्याच्याकडे कान उरत नाहीत. आणि जनरेटर सांभाळणारे मिस्त्री. ते मुळात बोलतच नाहीत.

आता खरं दुखणं. इथे दर रविवारी जेवणानंतर पोकर होतो. पैसे लावायला मोठ्या बाईंची बंदी आहे, म्हणून मिस्त्रींच्या डब्यातले नट-वॉशर मांडतात, आणि ज्याचे सगळ्यात आधी संपतील त्यानं आठवडाभर सगळ्यांची भांडी घासायची. मी ऐटीत बसले. म्हटलं, आपल्याला रमी येते! सायकल येते म्हणून बोट हाकायला बसावं तसं झालं. मला दोन राण्या आल्या, मी 'अय्या' म्हणाले, आणि सगळ्यांनी पटापट पानं टाकून दिली. हसलं कुणीच नाही, हेच जास्त लागलं.

तू दातांच्या लॅबमध्ये दुपारच्या सुट्टीत हाच खेळ खेळतेस ना? शिकव. इथे फोन लागत नाही, पत्र पंधरवड्याच्या बोटीनं येतं. तोपर्यंत मी पातेल्यात हात घालून बसले आहे.

तुझी,
ढगूबाई

*

८ मार्च

प्रिय वन्सं,

(असं म्हटलं की तुला आपण साठीच्या झाल्यासारखं वाटतं, म्हणूनच म्हणते.)

लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या हातचं एक घासलेलं ताट दिसावं अशी माझी फार इच्छा होती. ती माझ्या डोळ्यांआड पुरी होते आहे, याला म्हणतात नशीब.

आता नीट ऐक. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त आपण बघायची. मधे पाच पानं उघडतात, ती सगळ्यांची. आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून आपली चांगली पाच जुळवायची. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्यापेक्षा तीन सारखी, त्यापेक्षा ओळीनं पाच म्हणजे रन, त्यापेक्षा एका रंगाची पाच म्हणजे कलर. वरचं आणखी आहे, पण तुझ्या नशिबात ते इतक्यात नाही. कुणाकडेच काही नसलं तर ज्याचं पान मोठं तो जिंकला. दर टप्प्याला चाल करायची, नाहीतर दुसऱ्याच्या चालीला उत्तर द्यायचं, नाहीतर पानं पालथी टाकून पॅक व्हायचं.

पहिला धडा: पॅक व्हायला शीक. दहांतले सात डाव टाकण्याच्याच लायकीचे असतात. माणसं हरतात ती वाईट पानांनी नाही, वाईट पानांवर जीव लावून.

आम्ही कवळ्यांच्या नापास दातांवर खेळतो. दाढ म्हणजे दहा, पुढचा दात म्हणजे एक. परवा मी एका डावात अख्खं तोंड जिंकले. दिवसभर लोकांचे दात बनवून एक गोष्ट मात्र कळली आहे. खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे असतात म्हणतात ना, ते हत्तीपेक्षा माणसाला जास्त लागू आहे. तेव्हा 'अय्या' बंद.

पाकिटावरचा पत्ता तुझ्या दादानं रंगवला आहे. दुकानांच्या पाट्यांच्या कामातून वेळ काढून अक्षरांना सावलीसुद्धा दिली आहे. म्हणाला, बोटवाल्याला लांबून दिसलं पाहिजे.

तुझी,
वहिनी

*

१६ मार्च

प्रिय वहिनी,

पत्ता इतका झोकात होता की बोटवाला म्हणाला, "बाई, तुमचं दुकान आलं." भिंतीला लावून ठेवला आहे.

तुझ्या धड्याचं पालन केलं. काल सगळी दुपार पॅक झाले. राजा आला, टाकला. जोडी आली, तीही टाकली. आचाऱ्यानं विचारलं, "तुम्ही खेळताय की पत्त्यांना हवा देताय?" दर डावाला थोडे थोडे वॉशर भरावेच लागतात, ते भरता भरता मी झिजून संपले. पुन्हा भांडी.

आणि एकदाच धीर करून, हातात काही नसताना मोठी चाल करून ब्लफ मारला, तर वायरलेसवाला म्हणाला, "हिचे कान बघा." आरशात बघितले, टोमॅटो! मला हे आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?

मिस्त्री मात्र भला माणूस दिसतो. मी भांडी घासत होते तर न बोलता आले, नळाची गळती बंद केली आणि गेले. त्यांचे हात सतत ग्रीसनं काळे, पण पत्ते धरायच्या आधी साबणानं इतके घासतात की आपण डॉक्टरसमोर बसलोय असं वाटतं.

तुझी,
ढगूबाई

*

२३ मार्च

प्रिय वन्सं,

तुझे कान लाल होतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही मुद्दाम नाही सांगितलं. तू खोटं बोललेलं कळायचं घरात तेवढं एकच साधन होतं.

उपाय सोपा आहे. लोकरीची टोपी घाल, कानांवरून खाली ओढून. थंडी वाजते म्हणून सांग.

दुसरा धडा: सगळंच टाकायला मी सांगितलं नव्हतं, बाई. जोडी टाकतं का कुणी? वाईट टाक, चांगलं आलं की चाल अशी वाढव की समोरच्याला घाम फुटावा. आणि स्वतःच्या पानांकडे कमी बघ, माणसांकडे जास्त. ज्याच्याकडे खरंच पान असतं तो गप्प होतो. ज्याच्याकडे काही नसतं तो बडबड करतो, विनोद सांगतो, शेजाऱ्याला पाणी हवं का विचारतो. आमच्या लॅबमधला एकजण ब्लफ मारताना माझ्या तब्येतीची चौकशी करतो. वर्षभर मला वाटत होतं, केवढा मायाळू!

मिस्त्रींच्या हातांचं वर्णन पोचलं. मी पोकर शिकवत होते. हातांचं विचारलं नव्हतं.

तुझी,
वहिनी

*

१३ एप्रिल

प्रिय वहिनी,

मागची बोट वादळामुळे धक्क्याला लागलीच नाही, टपालाची थैली तेवढी फेकून परत गेली, म्हणून उशीर. पण बातमी अशी आहे की ती ऐकून तुझी कवळी पडेल. जिंकले! एकदा नाही, लागोपाठ दोन रविवार. भांडी आचाऱ्याकडे गेली आहेत आणि तो पातेल्यांशी असं बोलतो जणू त्यांनीच दगा दिला.

टोपीनं काम केलं. आत कान भाजून निघतात, बाहेर कुणाला पत्ता नाही. आणि माणसं बघायला लागले तर काय काय दिसतं गं! वायरलेसवाला चांगलं पान आलं की पाय हलवायचा थांबतो. आचारी वाईट पान आलं की रात्री जेवायला काय आहे ते सांगायला लागतो, जसं काही आम्हाला माहीत नाही.

फक्त मिस्त्रीचं काही कळत नाही. पान कसंही येवो, तो तसाच बसतो. एकदा मी त्याला विचारलं, "तू कधी घाबरतच नाहीस का?" तर म्हणाला, "घाबरतो. पण जनरेटरजवळ राहून सवय झाली. तिथं ओरडलं तरी कुणाला ऐकू जात नाही." आता संध्याकाळी वारा जोरात असला तर फुगा धरायला येतो तो. एकटीला आवरत नाही म्हणून.

तुझी विजयी,
ढगूबाई

*

२० एप्रिल

प्रिय वन्सं,

शाबास. दुपारच्या सुट्टीत पत्र वाचून दाखवलं, लॅबनं टाळ्या वाजवल्या.

आता माझी चाल. मार्चमध्ये 'मिस्त्री आले', 'मिस्त्रींचे हात'. एप्रिलमध्ये 'तो म्हणाला', 'तो बसतो', 'तू घाबरत नाहीस का'. वन्सं, 'ते'चा 'तो' कोणत्या तारखेला झाला? आणि कुणाच्या परवानगीनं? टोपी कानांवर असते, व्याकरणावर नाही घातलीस. तिथं सगळं लालेलाल दिसतंय.

फुगा एकटीला आवरत नाही म्हणे! मार्चभर कसा आवरत होता?

पत्ता या वेळी माझ्या अक्षरात आहे, रागावू नकोस. तुझ्या दादाला नाट्यगृहाच्या पाटीचं मोठं काम आलंय. दिवसभर शिडीवर, ब्रश खाली ठेवायला सवड नाही.

तुझी,
वहिनी

*

२७ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझ्या मागच्या पत्रातल्या आरोपांना उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. (हो, कान लाल आहेत. उन्हानं.)

दादाला म्हणावं, मला दोन ओळी लिही. पाटी काय, मी लहान असताना तो परीक्षेच्या पेपरावर समासात चित्रं काढायचा. पाकिटापुरती सवड त्याला नाही, हे पटत नाही.

मेच्या शेवटी रजेचा डाव आहे. हंगामात एकालाच दोन आठवड्यांची रजा मिळते, एका बोटीनं जायचं आणि पुढच्या बोटीनं परत. कुणी जायचं ते पत्त्यांवर ठरतं. मोठ्या बाई स्वतः खेळत नाहीत, फक्त पानं वाटतात. कुणी कारण सांगायला लागलं तर हात वर करतात. म्हणतात, "कारणं ऐकली की मला प्रत्येकाचंच खरं वाटतं. पत्त्यांना कान नसतात, ते बरं." मला जायची तशी घाई नाही. तरी खेळेन.

तुझी,
ढगूबाई

*

४ मे

प्रिय वन्सं,

घे, तुझ्या दादाच्या हातचा पत्ता. झालं समाधान?

तो अगदी मजेत आहे. इतका मजेत की मला कंटाळा आलाय. जेवतो, हसतो, शिट्टी वाजवतो. काल आमच्या लॅबमध्ये एक आजोबा आले, म्हणाले, कवळी बसत नाही. बघितलं तर बायकोची घालून आले होते! आणि घरी आजी त्यांची घालून बसलेल्या. मी म्हटलं, आजोबा, याहून जवळीक ती काय? मग दुसरे एक आले, त्यांची गंमत वेगळीच. त्यांना शिंक आली आणि कवळी थेट समोरच्या बाईंच्या पर्समध्ये. तुझा दादा हे ऐकून इतका हसला, इतका हसला की विचारू नकोस. तू कशी आहेस? जेवण बरं मिळतं ना? थंडी नाही ना फार? आणखी एक गंमत सांगायची राहिली, पण कागद संपला. रजेबिजेच्या फंदात पडू नकोस. पहिलाच हंगाम आहे, काम मन लावून कर. इकडे सगळं छान, छान, छान.

तुझी,
वहिनी

*

२५ मे, बंदरावरून

वहिनी,

हे पत्र आणि मी एकाच बोटीतून उतरलो आहोत. गाडी उद्या सकाळी मिळेल. टपाल आज रात्री निघतं, तेव्हा तुला एका सकाळची तरी सूचना मिळावी म्हणून लिहिते. घर आवरायला लागू नकोस. मला जे बघायचं आहे ते आवरून लपणारं नाही.

तूच शिकवलंस ना, ज्याच्याकडे पान नसतं तो बडबड करतो, विनोद सांगतो, तब्येतीची चौकशी करतो? मेच्या पत्रात तू तिन्ही केलंस. आणि तो पत्ता! दादाच्या अक्षराची सावली नेहमी उजवीकडे पडते. तुझी अर्धी उजवीकडे, अर्धी डावीकडे, जसं पाकिटावर दोन सूर्य उगवले होते. दादाला काहीतरी झालंय. काय ते विचारत नाही, येऊन बघते.

काल रजेचा डाव झाला. आचारी आधी संपला, मग वायरलेसवाला. उरलो मी आणि मिस्त्री. खोलीत इतकं उकडत होतं की टोपी काढून ठेवली होती, कान उघडे. माझ्या हातात चौकट अठ्ठी आणि बदाम छक्की. मधे आली इस्पिक राजा, बदाम नव्वी, इस्पिक चव्वी. मग इस्पिक दश्शी. म्हणजे एक सत्ती आली असती तर छक्कीपासून दश्शीपर्यंत माझी रन लागली असती. शेवटचं पान आलं चौकट दुर्री. माझ्या हातात अक्षरशः काही नाही.

पण मधे तीन इस्पिक पडलेले. कुणाकडेही इस्पिकचा कलर असू शकतो. मला दादा दिसत होता. मी सगळे नट-वॉशर पुढे ढकलले. कान पेटले, ते मला आतून कळत होतं. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पानं पालथी टाकली आणि म्हणाला, "जा तुम्ही."

जिंकले, वहिनी. पण 'जा तुम्ही' म्हणाला. असं कुणी हरताना म्हणतं का?

भेटू.

ढगूबाई

*

२२ जून

प्रिय वहिनी,

परत येऊन पंधरवडा झाला, तरी डोळ्यासमोरून ते दृश्य जात नाही. दादाचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये. तो खुर्चीत बसून तोंडानं सूचना देतोय, आणि शिडीवर तू, पदर खोचून, लॉंड्रीची पाटी रंगवतेस. 'येथे डाग काढून मिळतील' लिहायचं होतं, जागा पुरली नाही म्हणून 'येथे डाग मिळतील'! लॉंड्रीवाला रडायचा बाकी होता. तुला ओरडायचं ठरवून आले होते, पण दारातच हसत बसले.

तरीही सांगते. एप्रिलपासून तो शिडीवरून पडलेला, आणि मला कळवलं नाहीस. हंगाम अर्धा टाकून मी धावत येईन, नोकरी घालवीन म्हणून. बरोबर आहे तुझं, आलेच असते. पण पुढच्या वेळी मला ठरवू दे.

आता दुसरं. काल आचारी बटाटे सोलताना सहज बोलून गेला. मिस्त्रीला ती रजा जहाजाच्या इंजिनाच्या परवान्याच्या परीक्षेसाठी हवी होती. वर्षातून एकदाच असते. आता पुढच्या वर्षी. इथून सुटून मोठ्या जहाजावर जायचं त्याच्या किती दिवसांपासून मनात आहे, आणि तो एक शब्द बोलला नाही!

त्यानं माझे कान बघितले होते, वहिनी. त्याला कळलं होतं की माझ्याकडे काही नाही. मुद्दाम पानं टाकली. आचारी, वायरलेसवाला, सगळे तेच म्हणतात. आचारी त्याला जेवताना एक बटाटा जास्त वाढतो, मान म्हणून. मला त्याच्यासमोर बसवत नाही. संध्याकाळी फुगा एकटीच सोडते, दोन फाटले. रविवारी डोकं दुखतं म्हणून खोलीत बसते. एवढं मोठं देणं मी फेडू कशानं?

ढगूबाई

*

२९ जून

प्रिय वन्सं,

आधी घरचं. प्लास्टर काढलं. तुझ्या दादानं पहिलं काय लिहिलं असेल? लॉंड्रीच्या पाटीत बारीक अक्षरात 'काढून' बसवलं. आता ते काम कुणाचं म्हणून आम्ही भांडतो आहोत. लपवल्याबद्दल माझी चूक कबूल. पण पाकिटावर दोन सूर्य हे जरा जास्तच झालं. मी दोन तास खपले होते.

आता तुझा मिस्त्री. अगं, यात कळायचं काय राहिलं आहे? मी किती तोंडं बघितली आयुष्यात, माझा अंदाज चुकत नाही. त्यानं तुझे कान वाचले, तुझी निकड ओळखली आणि आपलं वर्ष तुझ्या पदरात टाकलं. वर शब्द नाही. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. लॅबमध्ये सगळ्यांचे डोळे ओले झाले, आणि आमचा तो तब्येत विचारणारा म्हणाला, मी असतो तर मीही हेच केलं असतं. त्याला आम्ही पाणी पाजलं.

पण एक गंभीरपणे सांगते, चेष्टा नाही. उपकाराखाली दबून कुणाला हो म्हणू नकोस, आणि त्याच्याच भारानं कुणाला टाळूही नकोस. तुझ्या दादानं मला मागणी घातली तेव्हा आधी माझ्या वडिलांच्या दुकानाची पाटी फुकट रंगवून दिली होती. मी सरळ विचारलं, "ही पाटी माझ्यासाठी की रंग उरला होता म्हणून?" तो म्हणाला, "रंग उरला होता." तेव्हा कुठे मला तो आवडला. जा, विचार. सगळ्यांसमोर विचार, म्हणजे आडपडदा राहणार नाही.

तुझी,
वहिनी

*

२० जुलै

प्रिय वहिनी,

बस. पाण्याचा तांब्या जवळ ठेव. लॅबमध्ये वाचून दाखवणार असशील तर दार लाव.

गेल्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर, सगळे बसलेले असताना, विचारलं. म्हटलं, "मिस्त्री, खरं सांग. रजेच्या डावात तुला कळलं होतं ना, माझ्याकडे काही नाही ते?"

आचाऱ्यानं आमटी वाढायचा डाव खाली ठेवला. वायरलेसवाल्यानं कानाचं यंत्र काढलं, हे मी प्रथमच बघितलं. मिस्त्री ताटाकडे बघत राहिला. आणि वहिनी, त्याचे कान लाल झाले! जो माणूस जनरेटरचा पट्टा तुटला तरी हलत नाही, त्याचे.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे मला वाटलं तुमच्याकडे कलर आहे. तुमचे कान लाल झाले होते."

"अरे, ब्लफ मारताना लाल होतात माझे कान!"

"दोन राण्या आल्या तेव्हाही झाले होते. पहिल्याच रविवारी. मी म्हटलं, आता तर राण्यांपेक्षा मोठं काहीतरी आहे. घाबरलो आणि टाकली पानं."

आचारी उठून उभाच राहिला. "आणि मी दीड महिना तुला बटाटा जास्त वाढतोय तो?"

"मी मागितला नव्हता," मिस्त्री म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही परत आलात, सगळे माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलायला लागले की खरं सांगायला तोंडच उघडेना. नवशिक्या माणसाला घाबरून वर्षाची परीक्षा घालवली, हे सांगायचं कसं? पण तुम्ही फुगा एकट्या सोडायला लागलात. तेव्हापासून सांगायचं म्हणतोय."

मला अजून पटेना. म्हटलं, हासुद्धा चांगुलपणाच असेल, माझं ओझं उतरावं म्हणून. विचारलं, "मग 'जा तुम्ही' का म्हणालास?"

"मग काय म्हणायचं? थांबा?"

तेवढ्यात मोठ्या बाई बोलल्या. मी सांगितलंय ना, त्या बोलल्या की वायुभार खाली येतो. त्या म्हणाल्या, "सत्ती आणि तिर्री. पानं गोळा करताना बघितली मी. बघायची नसतात, बघितली. टाकलेल्या पानांबद्दल बोलायचं नसतं, म्हणून बोलले नव्हते. आज तुम्ही सगळे मिळून मला बोलायला लावताय."

सत्ती-तिर्री! म्हणजे त्याच्याकडेही काही नव्हतं. दोन भिकारी एकमेकांना सावकार समजून घाम पुसत होते. आणि मी ज्या सत्तीसाठी देव पाण्यात घालून बसले होते, ती त्याच्याच मुठीत होती. पण थांब, अजून आहे. रात्री अंथरुणात पडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मधली पानं दोघांना सारखीच. त्याची सत्ती, माझी अठ्ठी. म्हणजे त्यानं पानं टाकली नसती, माझ्या चालीला उत्तर दिलं असतं, उघडून दाखवली असती, तरी मीच जिंकले असते! कुणी मला काही दिलेलं नाही. रजा माझ्या अठ्ठीनं मिळवली.

मी उठून दिवा लावला आणि एकटीच हसले. किती हलकं वाटलं ते तुला सांगता येत नाही. तीन आठवडे मी त्या माणसाला देवळात बसवून बाहेर चपला सांभाळत होते. आत बघते तर तो आपल्यासारखाच, घाबरणारा, चुकणारा, आणि चूक झाली हे चार लोकांत सांगणारा. तुझी चेष्टा नंतर करीन, पण एवढी तोंडं बघून तुझा अंदाज साफ फसला, हे दादाला ठळक अक्षरात रंगवून घरात लावायला सांग.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फुगा धरायला आला. मी दोरी त्याच्या हातात दिली. वारा चांगला होता. फुगा ढगात जाईपर्यंत आम्ही बघत होतो. मग मी म्हटलं, सप्टेंबरमध्ये केंद्र बंद झालं की सगळे एकाच बोटीनं निघणार आहोत. परीक्षेच्या गावाची वाट आमच्या घरावरूनच जाते, दादाकडे उतर, माळ्यावरची खोली रिकामी असते, तिथं अभ्यास कर. तो म्हणाला, "तुमच्या दादांना चालेल?" मी म्हटलं, "दादाला चालेल. वहिनीला दात दाखवावे लागतील."

त्यानं हाताचं ग्रीस पुसलं. मग विचारलं, "वहिनींना माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

"की तू फार त्यागी माणूस आहेस."

"आणि आता?"

"आता खरं ते लिहिणार."

"लिही," तो म्हणाला. 'लिहा' नाही, वहिनी, 'लिही'. तारीख टिपून ठेव, नंतर विचारत बसशील. "सगळं लिही. घाबरलो तेही लिही. फक्त सत्ती-तिर्री लिहू नकोस. निदान एक गुलाम तरी होता म्हण."

मी हो म्हटलं होतं त्याला.

तुझी,
ढगूबाई